कॅनव्हास पुरेना

आमच्या शेडमध्ये चित्राला बसायचं तर आधी कुत्री हाकलावी लागतात. कॅनव्हास जमिनीवर पसरला की त्यांना नेमकं तिथेच अंग टाकायचं असतं. ओल्या रंगावरून एखादं चालत गेलं की ब्रॉनविनचं तोंड बघण्यासारखं होतं. ही ब्रॉनविन आमची शेड सांभाळते. आम्ही इथल्या मूळच्या, काळ्या; ही गोरी आहे, शहरातून आलेली, वयाने पोरगेलीच. रंग मागवायचे, कॅनव्हास कापायचे, झालेली चित्रं शहरात पाठवायची, ही तिची कामं. आमचं काम म्हणजे मांडी घालून बसायचं, रंगवायचं, चहा ढोसायचा आणि एकमेकींची उणीदुणी काढायची. त्यात आम्ही कुठे कमी पडत नाही.

मी डल्सी. माझं तोंड फाटकं आहे असं सगळी वस्ती म्हणते. म्हणू दे. गप्प बसलं की माझं पोट दुखतं.

शेडमधली सगळ्यांत मोठी मॉडीमावशी, माझ्या आईची धाकटी बहीण. आमच्यात आईची बहीण म्हणजे आईच, त्यामुळे तिने खेकसलं तरी उलट बोलायची सोय नाही. मी बोलते ती गोष्ट वेगळी. मावशीचे गुडघे गेलेत, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण दुसरीच्या चित्रातला चुकलेला ठिपका तिला शेडच्या पार त्या टोकाकडून दिसतो. आणि दिसला की ती तो मनात ठेवत नाही.

तो तिचा हक्कच आहे म्हणा. मनाला येईल ते काढलं असं आमच्याकडे चालत नाही. ज्याची जमीन त्याची गोष्ट, आणि ज्याची गोष्ट त्याचं चित्र. गोष्ट म्हणजे त्या जमिनीवरच्या पूर्वजांची, ती बापाकडून येते. बापाने दिली तर काढायची, नाही दिली तर हात लावायचा नाही. शिवाय एकट्याने काढायचं नाही. शेजारी राखणदार लागतो, आईकडच्या माणसांपैकी कुणीतरी. त्याने बसून बघायचं, आणि चुकलं की सांगायचं, "इथे पाणी नव्हतं, पूस." मग पुसायचं. काढणारा कितीही मोठा असो, राखणदारापुढे त्याचं चालत नाही. दुसऱ्याची गोष्ट न विचारता काढली तर ती चोरी. कुणाची गाडी चोरली तर इथे लोक दोन दिवस ओरडतील आणि विसरतील. गोष्ट चोरली तर नातवंडांपर्यंत बोलणं बंद होतं.

आता नोरीनचं सांगते. नोरीनची आई, माझी आई आणि मॉडीमावशी या तिघी सख्ख्या बहिणी, म्हणजे नोरीन माझी बहीण. तिची आई आता नाही. गेलेल्या माणसाचं नाव आम्ही तोंडी घेत नाही, म्हणून मी नुसतं 'तिची आई' म्हणणार. नोरीनचा बाप गोरा होता. गुरांच्या कळपाबरोबर आला आणि कळपाबरोबरच गेला. तेव्हाचा कायदा असा, की उजळ रंगाचं पोर दिसलं की सरकारी ट्रकमध्ये घालायचं आणि लांब होममध्ये, अशा पोरांच्या सरकारी वसतिगृहात, नेऊन टाकायचं. ट्रकचा आवाज आला की आया पोरांना लपवायच्या. मला पिठाच्या पोत्यांमागे दडपलं होतं, ते अंधुक आठवतं. नोरीन पाण्यावर, झऱ्याकाठी होती. सहाएक वर्षांची असेल. तिला तिथूनच उचललं.

ती परत आली तेव्हा तिचे केस पिकले होते. शहरात तिची एक मुलगी आहे, तिनेच कुठूनकुठून शोधून आमचा पत्ता काढला. वस्तीने तिला घर दिलं, पांघरुणं दिली, आणि मी दिली शिव्यांची ओळख, कारण आपली भाषा ती पार विसरली होती आणि सुरुवात कुठून तरी करायला हवी. हसायची बिचारी. पण तिच्या काही सवयी बघून मला रडू यायचं. चहा दिला तरी थँक यू. पाणी दिलं तरी थँक यू. पांघरुणाची घडी अशी घालायची की चारही कोपरे कापल्यासारखे. आणि कुणी जरा आवाज चढवला की ताडकन उभी राहायची, हात पाठीमागे बांधून.

शेडमध्ये ती रोज यायची, पण तिला काढायला काही नव्हतं. गोष्ट द्यायला बाप नाही. मावशीच्या बापाची गोष्ट मावशीची, माझ्या बापाची माझी. मग ती माझ्या चित्रात ठिपके भरायची. रेघेला रेघ लागून, एकसारखे, न हलता. असे ठिपके आख्ख्या शेडमध्ये कुणाला जमत नाहीत. एकदा अशीच ठिपके भरत होती, आणि मान वर न करता तिने मला विचारलं, "डल्सी, ट्रक गेल्यावर मागून कुणी आलं होतं का गं?"

"मी पोत्यांमागे होते बाई. मला काय ठाऊक? मावशीला विचार, ती तेव्हा चांगली घोडी होती."

"हो," म्हणाली, "विचारीन."

विचारलं नाही. तीन वर्षं मावशीच्या शेजारी बसून तिने ते विचारलं नाही. मी एकदोनदा ढोसलंसुद्धा तिला. तर म्हणाली, "आणि ती नाही म्हणाली तर? आत्ता निदान मला माहीत नाही एवढंच आहे."  माझा ठिपका भलतीकडेच पडला.

मग ब्रॉनविनने एक उद्योग केला. कापून उरलेला कॅनव्हासचा एक तुकडा तिने नोरीनच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्हाला वाटेल ते काढा. कुणाला दाखवायचं नाही, विकायचं नाही." ब्रॉनविन पोर चांगली आहे, पण 'वाटेल ते' हा शब्द आमच्या शेडमध्ये उच्चारायचा नसतो हे तिला अजून समजलेलं नाही.

नोरीन तो तुकडा घेऊन कोपऱ्यात बसली. पाच-सहा दिवस ती तिथून हलली नाही. आम्ही जेवायला हाक मारली की यायची, खायची, थँक यू म्हणायची, परत जायची. पण एक झालं. गुणगुणायला लागली. तिला गुणगुणताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी मनात म्हटलं, चला, काहीतरी लागलं हाताला.

आणि बुधवारी मॉडीमावशी चहासाठी उठली, तिच्या कोपऱ्यावरून गेली आणि थांबली.

"हे कुणी दिलं तुला?"

मावशीचा तो आवाज मी ओळखते. माझा हात जागच्या जागी राहिला.

"या बसलेल्या बायका. या खणायच्या काठ्या. हा झरा. हे माझ्या बापाचं पाणी आहे! कुणाला विचारून काढलंस?"

मी उठून बघितलं, आणि मलाही मावशीचं पटलं. आमच्या चित्रात सगळं वरून बघितलेलं असतं. वाळूत माणूस बसून उठलं की जो ठसा राहतो, अर्धगोल, ती माणसाची खूण. त्याच्याशेजारी आडवी रेघ म्हणजे बाईची काठी. गोलात गोल म्हणजे पाणी. नोरीनच्या तुकड्यावर अर्धगोलांच्या रांगा होत्या, प्रत्येकाशेजारी रेघ, आणि एका बाजूला गोलात गोल. मावशीच्या बापाच्या गोष्टीत बायका झऱ्याकाठी रांगेने बसतात, हे लहान पोरालासुद्धा माहीत आहे. अगदी तेच.

नोरीन ताडकन उभी राहिली. हात पाठीमागे. "सॉरी," म्हणाली. "सॉरी, मावशी."

"सॉरी म्हणून काय होतंय? तीन वर्षं माझ्या शेजारी बसलीस आणि माझंच बघून उचललंस? पोटची म्हणून बसवलं तुला!"

"सॉरी."

"अगं, काही बोल तरी!" मी म्हटलं. नोरीनने कपड्याने ब्रश पुसला, डब्यात ठेवला, आणि गेली. ब्रॉनविन दारात उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक. मावशी मटकन बसली आणि कुत्र्यावर ओरडली. कुत्र्याने काहीच केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवारी दुपारी टपालाचा ट्रक येतो आणि शहराकडे जाणारा माणूस असेल तर घेऊन जातो. सकाळी मी नोरीनच्या घरी गेले, तर बाईसाहेब बॅग भरत होत्या. चारही कोपरे जुळवून.

"हे काय चाललंय?"

"मुलीकडे जाते."

"किती दिवस?"

ती झग्याची घडी घालत राहिली.

"डोंबल तुझं! म्हातारी एकदा ओरडली म्हणून कुणी गाव सोडतं का? मला ती रोज ओरडते."

"ओरडली म्हणून नाही गं. मला इथलं काही येत नाही, डल्सी. आयुष्यात एक गोष्ट स्वतःहून काढली, तर तीसुद्धा चोरीची निघाली."

"चोरलीस का तू? खरं सांग."

"मला मावशीच्या पाण्यातलं काय कळतंय? ते होम आहे."

"कसलं होम?"

"आमचं. मुलींचं. तू तुमच्यासारखं वरून बघायला शिकवलंस ना, म्हणून वरूनच काढलं. त्या काठ्या नाहीत, खाटा आहेत. त्या बायका नाहीत, आम्ही आहोत. आणि तो झरा नव्हे गं, पाण्याची टाकी आहे."

बाई, माझी वाचाच बसली. माझी! मी तिच्या बॅगेवर बसले आणि म्हटलं, "ट्रक येईपर्यंत मला वेळ दे. हलायचं नाही इथून. हललीस तर तुझे पाय मोडीन." आणि धावत सुटले. या वयात धावणं म्हणजे काय ते माझ्या कमरेला विचारा.

मावशी अंगणातल्या निखाऱ्यातून कांगारूचं शेपूट काढत होती.

"मावशी, ऊठ."

"आत्ताच भाजलंय. गार होईल."

"होऊ दे गार! ते तुझ्या बापाचं पाणी नाही. पोरीच्या खाटा आहेत त्या, होममधल्या. तू तिच्या खाटांना काठ्या समजलीस, आणि मीसुद्धा समजले. आता ती ट्रकने निघाली, आणि गेली तर परत येणार नाही. मग बस शेपूट खात."

मावशीने शेपूट तसंच राखेत टाकलं. काठी शोधायला लागली, ती तिच्या हातातच होती.

तिला घेऊन मी आधी शेडमध्ये गेले. नोरीनलाही मुसक्या बांधल्यासारखी ओढून आणली. ब्रॉनविनने तो तुकडा मधोमध ठेवला आणि शहाण्यासारखी बाजूला झाली. आमच्यात म्हातारं माणूस माफी मागत नाही. ते शेजारी येऊन बसतं. मावशी नोरीनच्या इतकी जवळ बसली, की तिची मांडी नोरीनच्या मांडीला लागली.

"सांग," म्हणाली.

नोरीनने बोट ठेवलं. "ही मोठी खोली. या खाटा. ही या पोरीची, ही हिची. हिला खोकला होता. ही दुसऱ्या कुठल्या तरी भागातली, तिची भाषा कुणालाच येत नव्हती, ती खाटेखाली झोपायची."

"आणि ही टाकी?"

"अंथरूण ओलं झालं की सकाळी तिथे उभं करायचे. ओली चादर डोक्यावर घेऊन. सगळ्या जेवून येईपर्यंत."

"तुला?"

"रोजच, मावशी."

मावशीने नाकातून श्वास सोडला. मला त्या होमच्या बायांची थोबाडं फोडावीशी वाटत होती, पण त्या मेल्या कधीच मरून गेल्या असतील. मग मावशी म्हणाली, "हे काढताना गुणगुणत होतीस तू."

"होय? मला नाही कळलं."

"मला कळलं. मला राग त्याचाच आला होता. म्हटलं, माझी गोष्ट चोरून वर गाणं म्हणते." मावशी मान हलवून हसली, आणि नोरीनही हसली, पण तिचे डोळे गळत होते. "बरं. गोष्ट तुझी आहे. जगलीस ती, म्हणजे तुझीच. पण राखणदाराशिवाय काढलीस ते चुकलं. ब्रॉनविन! मोठा कॅनव्हास आण. मी राखीन हिची गोष्ट. हिच्या आईच्या बहिणींत मीच उरलेय."

बाहेर टपालाचा ट्रक भोंगा वाजवून वाजवून दमला आणि गेला.

मग सुरू झालं त्यांचं. नोरीन काढायची आणि मावशी बघायची. होममध्ये मावशी कधी गेली नव्हती, पण तिला त्याने काही फरक पडत नव्हता. ती विचारायची. "दार कुठल्या बाजूला? सूर्य कुठून यायचा? मग सावली इकडे कशी पडली? पूस." नोरीन पुसायची, डोळे मिटून आठवायची, परत काढायची. कधीकधी मधेच ब्रश खाली ठेवून नुसती बघत बसायची. मग मावशी तिला तिथेच आडवी करायची, डोकं मांडीवर घेऊन, भर शेडमध्ये, सगळ्यांदेखत. एवढी पिकल्या केसांची बाई! पहिल्यांदा ती लाकडासारखी ताठ पडून राहिली. नंतर नंतर घोरायलासुद्धा लागली. आम्ही तिच्या घोरण्याची नक्कल करायचो. एक दिवस मी ओरडले, "अगं ए, माझ्या ठिपक्यांना हात लाव जरा, किती दिवस झाले," तर बसल्या जागेवरून म्हणते, "तुझे तू भर. मला माझी कामं आहेत." उभी नाही राहिली! हात पाठीमागे नाही गेले! मला इतका आनंद झाला की मी तिला आपल्या भाषेतली एक घाणेरडी शिवी दिली आणि तिने मला ती परत दिली.

होम पुरं झालं. खाटा, पोरी, टाकी, चर्च, आणि भोवती तारेचं कुंपण. तारेबाहेर जी जागा उरली होती तिथे नोरीन काळपट तपकिरी ठिपके भरायला लागली. नुसतेच ठिपके, एकसारखे, काठापर्यंत.

मावशीने विचारलं, "हे बाहेर काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"बाहेर काहीच नव्हतं, मावशी." नोरीनचा ब्रश चालूच होता. "मी दाराजवळची खाट मागून घेतली होती. तिथे वारा लागायचा, म्हणून ती कुणाला नको असायची. मला वाटायचं, कुणी न्यायला आलं तर पहिली मी दिसायला हवी. होम सांभाळणारी मेट्रनबाई म्हणायची, कशाला वाट बघतेस? तुझ्या आईनेच हात करून ट्रक थांबवला. मी कितीतरी दिवस नाही मानलं. मग मानलं."

शेडमध्ये सगळ्यांचे ब्रश थांबले होते. मी मावशीकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावर मी असं काही आधी कधी पाहिलं नव्हतं. आधी मला वाटलं, तिला झटकाबिटका आला की काय.

"चुकलं," ती म्हणाली. "पूस."

"काय पुसू?"

"बाहेरचं सगळं पूस. मी राखणदार आहे. हे चुकीचं आहे. आम्ही कुठे आहोत यात?"

नोरीनने वर बघितलं.

"मी आणि तुझी आई," मावशी म्हणाली. "आम्ही कुठे आहोत? ट्रकची धूळ खाली बसली नव्हती तेव्हाच निघालो आम्ही. चाकोरीमागून. तुझी आई पळत होती, मी तिच्यामागे. रात्री चाकोरी दिसेना तेव्हा बसलो, उजाडलं की पुन्हा निघालो. एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर. मला सगळी पाणी आठवतात. तुझ्या आईचा पाय फाटला तर तिने झगा फाडून बांधला आणि म्हणाली, चल. आणि आलो आम्ही तिथे. तार होती. ही, तू काढलीस तीच. पोरी दिसेनात, आवाज यायचा नुसता. पण बाहेर सरपण आणायच्या वाटेवर तुम्हा पोरींची पावलं होती. अनवाणी. त्यात तुझं पाऊल होतं. आई ओळखणार नाही का तिच्या पोरीचं पाऊल? ती त्या पावलाशेजारी आडवी झाली. तिथेच झोपली. म्हणाली, या वाटेने ती पुन्हा येईल, तोवर मी हलत नाही. दोन दिवस राहिलो. मग घोड्यावरून एक माणूस आला, मग पोलीस. आम्हाला कोंडलं, आणि गुरांच्या गाडीत घालून परत आणून टाकलं. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही परत निघालो. या वेळी नदीपाशीच अडवलं."

नोरीनच्या हातातून ब्रश केव्हाच पडला होता. "तुम्ही आला होतात?" ती म्हणाली. एवढंच. लहान पोरीच्या आवाजात. "आला होतात तुम्ही?"

"आलो होतो म्हणजे? पायाची सालटी निघाली माझ्या!"

"मग मला का नाही सांगितलंस? तीन वर्षं, मावशी!"

"काय सांगू?" मावशी ओरडलीच. आणि मग तिचा आवाज फुटला. "हात हलवत परत आलो. आणली तर नाही ना तुला. ते काय तोंडाने सांगू?"

मग दोघी रडल्या. आम्ही सगळ्याच रडलो, लपवायचं काय त्यात. ब्रॉनविन तर इतकी रडली की तिला चहा करून द्यावा लागला, आणि तो मी केला, साखर घालायची विसरले.

रडणं आवरल्यावर मावशीने स्वतः ब्रश उचलला. राखणदाराने ब्रश उचलायचा नसतो खरं तर. पण कोण बोलणार? तिने तारेला लागून बाहेर दोन अर्धगोल काढले. "ही तुझी आई. ही मी." मग त्यांच्यामागे पावलं. मग एक पाणी. मग पावलं. मग दुसरं पाणी, तिसरं. ती ढुंगणावर मागे मागे सरकत होती आणि काढत होती, नावं घेत होती त्या पाण्यांची, आणि कॅनव्हासचा काठ आला. ती थांबली नाही. तिने सरळ सिमेंटच्या जमिनीवर पुढचं पाणी काढलं.

"मॉडी! जमीन!" ब्रॉनविन किंचाळली.

"मग? वाट तिथे संपत नव्हती," मावशी म्हणाली आणि जमिनीवर पावलं काढत दारापर्यंत गेली. नोरीन गुडघ्यांवर रांगत तिच्यामागून. "इथे काय खाल्लंत?" "घोरपड." "कुणी मारली?" "तुझ्या आईने. एका दगडात. मला शेपटीकडचा भाग दिला, चेंगट बाई." नोरीन डोळे पुसत हसत होती, तिच्या नाकाला पिवळा रंग लागला होता.

ते रंग अजून जमिनीवर आहेत. ब्रॉनविन आता त्यांवरून कुणाला चालू देत नाही.

तो कॅनव्हास सोडून द्यावा लागला. ब्रॉनविनने आख्खा तागा उलगडला, शेडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि मावशी त्यावर काठी टेकत हिंडली. "होम इथे काढ," तिने एका कोपऱ्यात काठी टेकवली. "लहान काढ. बाकीची जागा वाटेला लागणार." नोरीनने तळहाताएवढं होम काढलं. मग त्या दोघी चालायला लागल्या, म्हणजे बसूनच, एकेका पाण्यावरून, परतीचा प्रवास धरून आणि पुढच्या उन्हाळ्याचाही. थंडी संपून उन्हं तापायला लागली तेव्हा ते झालं. तरी मावशी म्हणतेच, की दोन पाणी राहिली, कॅनव्हास पुरला नाही.

नोरीन गेली नाही हे सांगायला नकोच. तिची मुलगी येऊन बघून गेली आणि आईचं घोरणं ऐकून चाट पडली. चित्र विकायचं नाही असं नोरीनने सांगून टाकलं. ते शेडच्या लांब भिंतीवर टांगलंय. परवा शहरातून काही पाहुणे आले होते. ब्रॉनविन त्यांना सांगत होती, की या बाईंनी लहानपणीच्या होमचं चित्र काढलंय. एक पाहुणी बिचारी बराच वेळ शोधत राहिली. शेवटी तिने नोरीनलाच विचारलं, यात होम कुठे आहे?

नोरीनने चष्मा चढवला. वाकली, पाण्यांवरून, पावलांवरून बोट फिरवत राहिली. "थांबा हं," म्हणाली, "इथेच कुठेतरी होतं."